पंधरा सेंटची पिशवी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयर्लंडच्या सरकारने लोकांना एक साधा प्रश्न विचारून घेतला : दुकानात फुकट मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीला उद्या पैसे पडले, तर जास्तीत जास्त किती द्याल? आलेल्या उत्तरांची सरासरी युरोच्या हिशेबात अडीच सेंटही भरली नाही. ४ मार्च २००२ पासून सरकारने पिशवीवर प्रत्यक्षात कर लावला तो १५ सेंट. लोकांनी कबूल केलेल्या रकमेच्या सहापटीहून जास्त! तिजोरी भरायची असती तर दोन सेंटही चालले असते, कारण लोकांनी ते निमूट दिले असते आणि पिशव्याही पूर्वीइतक्याच नेल्या असत्या. पण पर्यावरणमंत्री नोएल डेम्पसी यांना महसूल नको होता, पिशव्या थांबायला हव्या होत्या.

त्या थांबल्या. करापूर्वी आयर्लंडमध्ये दर माणशी वर्षाला ३२८ पिशव्या खपत. हा आकडा २१ वर आला. रस्त्यावरच्या कचऱ्यात प्लास्टिक पिशव्यांचा वाटा पाच टक्के होता, तो एका टक्क्याच्याही बराच खाली गेला. पुढे चार-पाच वर्षांत लोकांना १५ सेंटची सवय झाली आणि माणशी पिशव्या पुन्हा तिशीच्या वर सरकल्या, तेव्हा जुलै २००७ मध्ये कर २२ सेंट करण्यात आला. इतका लोकप्रिय कर युरोपात दुसरा नसावा, असं त्याचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी अर्धवट विनोदाने आणि अर्धवट गंभीरपणे लिहून ठेवलं आहे.

या कराची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण घरच्या सवयी बदलायच्या असतील तर त्यातूनच काही उचलता येतं. दुकानदाराने हा कर स्वतःच्या खिशातून भरून गिऱ्हाइकाला खूश करायचं नाही, तो गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा, असा नियम होता. वस्तूंच्या किमतीत तो लपवायची सोय नव्हती. सुटी मासळी, मटण, सुटी फळं-भाजी यांच्यासाठीच्या छोट्या पिशव्यांना मात्र माफी होती. ओल्या माशासाठीही पैसे मागितले असते तर लोक चिडले असते आणि सगळा करच बदनाम झाला असता.

रक्कम एवढीशी आणि परिणाम एवढा मोठा, हे कसं? याचं सर्वांत चांगलं उत्तर अमेरिकेतून आलं. राजधानी वॉशिंग्टनमध्ये जानेवारी २०१० पासून प्रत्येक पिशवीवर ५ सेंट कर लागू झाला. त्यातून जमणारा बराचसा पैसा ॲनाकोस्टिया नदीच्या सफाईसाठी राखून ठेवला गेला. लागूनच असलेल्या मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीनेही २०१२ मध्ये तोच मार्ग धरला. गंमत अशी, की या भागातली काही दुकानं आधीपासूनच स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंटची सूट देत होती. म्हणजे रक्कम तीच, फक्त दिशा उलटी. तातियाना होमोनॉफ या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दुकानातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हातांकडे पाहून हिशेब मांडला. कर लागल्यावर दुकानाची पिशवी घेणाऱ्यांचं प्रमाण चाळीसहून अधिक टक्के-अंकांनी घसरलं. सूट देणाऱ्या दुकानांत जवळजवळ काहीच हललं नव्हतं.

खिशातून गेलेले पाच सेंट बोचतात, वाचलेले पाच सेंट लक्षातही येत नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण अर्थशास्त्राचं पुस्तक न उघडताही कळतं. कर लागला की गल्ल्यावरच्या माणसाला विचारावंच लागतं, ‘पिशवी हवी का?’ तोवर हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. सामान आपसूक पिशवीत जात होतं आणि पिशवी आपसूक घरी येत होती. हातात ब्रेडचं एक पाकीट आणि दुधाची बाटली असलेल्या माणसाला कुणी विचारलं, तर तो बहुधा ‘नको’ म्हणतो. पैसा हे निमित्त असतं. काम होतं ते या प्रश्नाने.

म्हणून ज्यांना आपल्या घरात ही सवय लावायची आहे, त्यांनी सगळा भार निर्धारावर टाकू नये. प्रश्न कधी विचारला जाईल, ती वेळ ठरवावी. गल्ल्यावर तो येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो : हातात दहा किलो सामान, मागे रांग, आणि पिशव्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे लटकलेल्या. प्रश्न उंबरठ्यावर यायला हवा. वाणसामानाची यादी आणि पिशवी एकाच खुंटीला अडकवावी, म्हणजे यादी काढताना पिशवी हाताला लागतेच. यादी फोनमध्ये असेल तर तिची पहिली ओळ ‘पिशव्या’ अशी लिहावी. स्कूटरच्या डिकीत दोन आणि गाडीत चार पिशव्या कायमच्या ठेवाव्यात. हे सगळ्यांना माहीत असतं; चुकतं ते परतीच्या वेळी. सामान ओट्यावर रिकामं झालं की पिशवी पुन्हा ‘पिशव्यांच्या पिशवीत’ जाते आणि गाडी रिकामीच राहते. त्यामुळे सामान लावून झालं की पिशवी लगेच चपलांच्या कपाटावर किंवा गाडीच्या किल्लीपाशी जायला हवी. बहुतेक घरांत पिशव्यांची चणचण नसते, त्या चुकीच्या जागी असतात एवढंच.

करामुळे खरेदीत बदलणाऱ्या इतर गोष्टींबद्दल कमी बोललं जातं. पहिली गोष्ट वेळ. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिबेका टेलर यांनी सुपरमार्केटमधल्या बिलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पिशव्यांवर निर्बंध आल्यावर प्रत्येक बिलाला लागणारा वेळ सुमारे तीन टक्क्यांनी वाढलेला दिसला. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण शनिवारच्या गर्दीत रांगेतल्या प्रत्येकाचे तीन टक्के शेवटच्या माणसाच्या वाट्याला येतात. उपाय साधा आहे. सामान पट्ट्यावर किंवा टेबलावर ठेवतानाच भरायच्या क्रमाने ठेवावं : पीठ, साखर, तेल, कांदे-बटाटे आधी, टोमॅटो, पाव, अंडी, कोथिंबीर शेवटी. पिशवीचं तोंड उघडून ती टोपलीच्या तळाशीच अंथरून ठेवली, तर पैसे देण्याआधी निम्मं काम झालेलं असतं.

दुसरी गोष्ट जरा खट्याळ आहे. उमा करमरकर आणि ब्रायन बॉलिंजर या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानाच्या बिलांवरून त्यांना दिसलं, की स्वतःची पिशवी घेऊन आलेली माणसं सेंद्रिय माल जास्त घेतात, आणि त्याच फेरीत चिप्स-आइस्क्रीमसारखा चैनीचा खाऊही जास्त घेतात. एक पुण्य पदरात पडलं की मन स्वतःलाच बक्षीस देऊन टाकतं. उपासाच्या दिवशी साबुदाणा वडे मोजून न खाणाऱ्यांना हे संशोधन करायला कॅलिफोर्नियापर्यंत जावं लागलं नसतं. ज्यांना महिन्याचा हिशेब आवाक्यात ठेवायचा आहे, त्यांनी कापडी पिशवी नेताना यादी तर न्यावीच, शिवाय पिशव्या मोजूनच न्याव्यात. दोन पिशव्यांत मावेल तेवढंच घ्यायचं, असं ठरवलं की गल्ल्याजवळच्या चॉकलेटांना आपोआप जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट कचऱ्याच्या डब्यात सापडते. दुकानातून आलेली पातळ पिशवी बहुतेक घरांत दुसऱ्यांदा वापरली जात होती, कचरा भरायला. ती बंद झाली आणि लोक कचऱ्यासाठी पिशव्या विकत घेऊ लागले. टेलर यांनीच कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या बंदीचा हिशेब केला. दुकानी पिशव्यांचं ४ कोटी पौंड प्लास्टिक वाचलं, पण कचरापिशव्यांचं १ कोटी २० लाख पौंड वाढलं. सर्वांत छोट्या आकाराच्या कचरापिशव्यांची विक्री तर १२० टक्क्यांनी चढली. बंदी फुकट गेली असा याचा अर्थ नव्हे. तरी वाचलेल्या प्लास्टिकचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग मागच्या दाराने परत आला. ओला कचरा वेगळा काढून कंपोस्टात किंवा पालिकेच्या डब्यात थेट टाकला, डब्याच्या तळाशी जुनं वर्तमानपत्र घातलं आणि डबा रोज विसळला, तर सुक्या कचऱ्याला पिशवी लागतच नाही. हे ज्यांना जमत नाही त्यांनी आटा, तांदूळ, डिटर्जंट यांच्या रिकाम्या मोठ्या पाकिटांचा उपयोग करावा. ती पाकिटं तशीही घरी येणारच असतात.

कायद्याने दार लावलं की व्यापार खिडकी शोधतो. शिकागोने २०१५ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, तर काही मोठ्या दुकानांनी जाड पिशव्या फुकट द्यायला सुरुवात केली. प्लास्टिक कमी होण्याऐवजी जाड झालं. शेवटी शहराने बंदी रद्द केली आणि फेब्रुवारी २०१७ पासून प्रत्येक पिशवीवर ७ सेंट कर लावला. इंग्लंडची गोष्ट याहून मोठी. तिथे ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांना प्रत्येक पिशवीमागे ५ पेन्स घेणं सक्तीचं झालं, आणि मे २०२१ पासून १० पेन्स, तेही सगळ्या लहान-मोठ्या दुकानांना. २०१४ मध्ये सात मोठ्या साखळ्यांनी ७६० कोटी पिशव्या वाटल्या होत्या, म्हणजे माणशी १४० च्या आसपास. पाच वर्षांत हे प्रमाण माणशी चारपर्यंत खाली आलं.

आकडा झकास होता, पण तो फक्त पातळ पिशव्यांचा. त्याच सुमारास दुकानांनी ‘बॅग फॉर लाइफ’ नावाची जाड, ‘आयुष्यभराची’ पिशवी थोड्या जास्त किमतीला ठेवली होती. ग्रीनपीस आणि एन्व्हायर्न्मेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी यांच्या २०१९ च्या पाहणीत अशा १५० कोटी पिशव्या वर्षभरात विकल्या गेल्याचं दिसलं, म्हणजे घरटी ५४. दर आठवड्याला एक नवं आयुष्य! जाड पिशवीत प्लास्टिक कितीतरी जास्त असतं, त्यामुळे पातळ पिशवीसारखी एकदा वापरून ती टाकली तर नुकसानच वाढतं.

कापडी पिशवीलाही हाच न्याय लागू आहे, आणि आपल्याकडे नेमकं हेच ऐकायला कुणी तयार नसतं. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये एक तौलनिक हिशेब प्रसिद्ध केला. साधी पातळ पिशवी एकदाच वापरून फेकली असं धरलं, तर हवामानावरच्या परिणामात तिची बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा, जाड प्लास्टिकची ४ वेळा, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनची ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात सुती पिशवीसाठी हवामानापुरता आकडा ५२ निघाला, कारण तिथे तुलना मुळातच जाड पिशवीशी होती. आकडे गृहीतकांनुसार हलतात, पण कापूस पिकवायला पाणी, खत, वीज लागते हे कुठल्याच हिशेबातून सुटत नाही.

म्हणून नवी सुती पिशवी विकत घेऊ नये, भेट म्हणून देऊ नये, आणि प्रत्येक संमेलनात, प्रदर्शनात, लग्नात मिळणारी छापील पिशवी शक्य असेल तर परत करावी. घरात दहा-बारा कोऱ्या सुती पिशव्या पडून असतील, तर प्रत्येकीला शंभर फेऱ्या मिळायला काही दशकं लागतील. त्यापेक्षा तीन पिशव्या विटेपर्यंत वापराव्यात आणि उरलेल्या घरकाम करणाऱ्या ताईंना, भाजीवाल्या मावशींना द्याव्यात. तिथे त्यांना खरी फेरी मिळेल. जुन्या साडीची किंवा पँटची शिवलेली पिशवी या हिशेबातून जवळजवळ सुटते, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागलेला नसतो. शिवताना बंद वरच्या काठाला नुसते टाचू नयेत. ते खाली तळापर्यंत नेऊन पुन्हा दुसऱ्या बाजूने वर आणावेत आणि तळाला दुहेरी टीप मारावी. पाच किलो तांदळाची पिशवी फाटते ती नेहमी बंदाच्या टाक्यापाशी.

पिशव्या दोन-तीन प्रकारच्या असल्या की पुरतात. किराण्यासाठी मांजरपाटाची रुंद तळाची. भाजीसाठी आतलं सहज दिसेल अशी जाळीची. आणि खिशात किंवा पर्समध्ये मावणारी घडीची नायलॉनची, ठरवून न केलेल्या खरेदीसाठी. तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण दुकानाची पिशवी घ्यावी लागते ती बहुतेक वेळा कामावरून परतताना. मासे, चिकन, मटण यांना कापडी पिशवी नकोच. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा न्यावा. कोळीण असो वा खाटीक, डबा पुढे केला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

धुण्याचं काय? २०११ मध्ये अमेरिकेत गिऱ्हाइकांच्या ८४ पिशव्या तपासल्या गेल्या. जवळपास निम्म्या पिशव्यांत कोलिफॉर्म जिवाणू सापडले आणि बहुतेकांनी आपली पिशवी कधीच धुतलेली नव्हती. या अभ्यासाला प्लास्टिक उद्योगाशी संबंधित संघटनेने पैसे पुरवले होते, हे वाचताना लक्षात ठेवलेलं बरं. पण त्याच अभ्यासात असंही निघालं, की हाताने किंवा यंत्रात धुतल्यावर जवळजवळ सगळे जिवाणू गेले. तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा पिशव्या कपड्यांबरोबर टाकाव्यात, आणि उन्हात उलट्या करून वाळवाव्यात. भाजीची पिशवी ओलसर असतानाच घडी घालून ठेवणं ही खरी चूक.

महाराष्ट्राचा रस्ता करापेक्षा बंदीचा राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या नाल्यांमधल्या पिशव्यांवर सगळ्यांची नजर गेली. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आणली, आणि २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती बरीच व्यापक केली. पहिल्या गुन्ह्याला दंड ५ हजार रुपये. देशपातळीवर ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक पिशवीला आणि त्याआधीच ६० जीएसएमहून (चौरस मीटरला ६० ग्रॅम) पातळ न विणलेल्या पिशवीला मनाई झाली. ही न विणलेली पिशवी कापडासारखी दिसते म्हणून लोक फसतात. काठाचा धागा ओढून पाहावा; धागा निघाला नाही तर ते प्लास्टिकच आहे.

पैसे आकारण्याचा एक प्रयत्न भारतातही झाला होता. २०१६ च्या नियमांत प्लास्टिक पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान ४ हजार रुपये भरावेत, अशी तरतूद होती. २०१८ मध्ये ती वगळण्यात आली. कागदावर राहिली ते बरंच झालं म्हणायचं. ठोक रक्कम दुकानदार भरणार, गिऱ्हाइकाला गल्ल्यावर काहीच दिसणार नाही आणि पिशवी पूर्वीसारखीच आपसूक मिळत राहणार, मग सवय कशाने बदलली असती?

आज शहरांतल्या मोठ्या दुकानांत कागदी किंवा कापडी पिशवीचे पैसे बिलात लागतात. हा सरकारी कर नव्हे, दुकानाची विक्री आहे. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर २०२० च्या एका निकालात म्हटलं, की पिशवीची किंमत आधी न सांगता थेट बिलाच्या वेळी आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून पहिली वस्तू स्कॅन होण्याआधीच ‘पिशवी नको’ किंवा ‘पिशवीचे किती?’ असं बोलून टाकावं, बिल तिथेच वाचावं आणि न मागितलेली पिशवी लावली असेल तर काढायला सांगावं. दुकान स्वतःची पिशवी आत नेऊ देत नसेल तर दारावर ती सीलबंद करून मागावी, किंवा ती जमा करून टोकन घ्यावं आणि बिलाच्या वेळी गल्ल्यावर मागवून घ्यावी. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मंडईत मात्र कुणी काही विचारत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जाईल या भीतीने भाजीवाला पिशवी आधीच फटकन उघडतो. वजन होण्यापूर्वीच आपली पिशवी पसरून धरावी, म्हणजे माल तराजूतून सरळ तिच्यात पडतो. मिरच्या, आलं, लिंबं यांच्यासाठी आत एक छोटी थैली ठेवली, की तीन वेगळ्या पिशव्या वाचतात.

मुलांकडे डब्लिनला, लंडनला किंवा न्यू जर्सीला महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी सामानात दोन घडीच्या पिशव्या नक्की टाकाव्यात. न्यू जर्सीत मे २०२२ पासून दुकानांत एकदा वापरायची प्लास्टिक पिशवी मिळतच नाही, आणि मोठ्या किराणा दुकानांत कागदीही नाही, पैसे देऊनसुद्धा. इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं, कच्चं मांस-मासे आणि सुटी भाजी यांच्या पिशवीला आकार नाही, बाकी बहुतेक सगळ्याला आहे. तिथे घरपोच सामान मागवलं तर बऱ्याच दुकानांचा माणूस ते पिशव्यांशिवाय क्रेटमध्ये आणतो आणि दारातच क्रेट रिकामा करून मागतो. त्यामुळे वेळ झाली की दोन टब किंवा मोठ्या पिशव्या दाराशी मांडून ठेवाव्यात, आणि फ्रीजमध्ये जाणाऱ्या वस्तू आधी उचलाव्यात.